डावी मादी, उजवा नर: गायनॅन्ड्रोमॉर्फ आणि इंटरसेक्स पतंग कसे वेगळे ओळखायचे

पावसाळ्यात पाटण, कोयना, महाबळेश्वर या पट्ट्यात व्हरांड्यातल्या दिव्यावर मून मॉथ येऊन बसतो. नर की मादी हे त्याच्या मिशांवरून कळतं. नराच्या मिशा रुंद, पिसासारख्या, मादीच्या अरुंद. क्वचित एखाद्या पतंगाची डावी मिशी अरुंद आणि उजवी रुंद निघते. मग फोटो फिरतो आणि खाली कोणी ‘उभयलिंगी’ लिहितं, कोणी ‘इंटरसेक्स’. दोन्ही शब्द इथे चुकतात. उभयलिंगी म्हणजे गांडूळ, ज्याच्यात नर-मादीचे दोन्ही अवयव नेहमीच असतात. हा पतंग गायनॅन्ड्रोमॉर्फ आहे, म्हणजे अर्धनारीनटेश्वराच्या मूर्तीसारखा मध्यरेषेवर दुभंगलेला. इंटरसेक्स पतंगाची गोष्ट निराळी, आणि फरक पेशींमध्ये आहे.

साताऱ्या-सांगलीत तुती लावणाऱ्यांच्या रोजच्या ओळखीचा रेशीमकिडा घेऊ. त्याच्या गुणसूत्रांच्या 28 जोड्या असतात आणि त्यांतली एक लिंगाची. माणसात पुरुष एक्सवाय असतो, इथे उलट आहे: नर झेडझेड, मादी झेडडब्ल्यू. म्हणजे पिल्लू नर होणार की मादी हे आईच्या अंड्यावर ठरतं. झेड कितीही असोत, एक डब्ल्यू आला की मादी, हे हाशिमोतो यांनी 1933 साली दाखवलं. डब्ल्यू हे करतो कसं, ते 2014 मध्ये जपानी संशोधकांनी उलगडलं. डब्ल्यूवरून फेम नावाचा अगदी छोटा आरएनए तयार होतो. झेडवरच्या मॅस्क या जनुकाचा निरोप तो वाटेतच कापून टाकतो. निरोप कापला गेला की पुढच्या डबलसेक्स या, नर-मादीची रूपं घडवणाऱ्या जनुकाच्या निरोपाचे तुकडे मादीच्या पद्धतीने जोडले जातात, मॅस्कचा निरोप शाबूत पोचला की नराच्या पद्धतीने. फळमाशीत वरचे जनुक वेगळे, पण साखळीचं टोक तिथेही डबलसेक्सच.

आता कळीचा मुद्दा. हा निर्णय प्रत्येक पेशी आपापला घेते. आपल्या शरीरात वृषणातला हार्मोन रक्तातून सगळीकडे पोचतो; पतंगाच्या अंगावरची नर-मादीची रूपं अशा हार्मोनवर अवलंबून नसतात. प्राणिशास्त्रज्ञ मायझेनहायमर यांनी 1909 साली स्पाँजी मॉथ या पतंगाच्या नर सुरवंटात अंडाशय बसवून पाहिले. अंडाशय आत वाढले, तरी बाहेर आलेला पतंग पंखांनी आणि मिशांनी पूर्ण नरच होता.

म्हणूनच गायनॅन्ड्रोमॉर्फ शक्य होतो. अंडं पक्व होताना एक केंद्रक टिकतं आणि बाकीची बाद होतात. कधी चुकून दोन टिकतात, एक झेडचं आणि एक डब्ल्यूचं. पतंगाच्या अंड्यात एकाहून जास्त शुक्राणू शिरणं नेहमीचंच असतं, आणि प्रत्येक शुक्राणूत झेडच असतो. दोन्ही केंद्रकं फळली की एकाच अंड्यात झेडझेड आणि झेडडब्ल्यू अशा दोन वंशावळी वाढू लागतात. रेशीमकिड्याच्या काही वाणांत हा दोष आईकडून येतो आणि असे किडे वारंवार निघतात. फळमाशीत वाट वेगळी: सुरुवात एक्सएक्स मादीने होते आणि पहिल्याच विभाजनात एका पेशीतून एक एक्स हरवतो, म्हणून निम्मी माशी नर होते. तो उशिरा हरवला तर नराचा ठिपका तेवढा लहान.

इंटरसेक्समध्ये सगळ्या पेशींतली गुणसूत्रं सारखीच असतात, फक्त त्यांना मिळणारा हुकूम डळमळीत असतो. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड गोल्डश्मिट यांनी स्पाँजी मॉथच्या युरोपातल्या माद्या आणि जपानी नर यांचा संकर केला. मुलगे नीट निघाले, पण मुलींच्या पांढऱ्या पंखांवर नराच्या तपकिरी रेघा आल्या आणि मिशा अधल्यामधल्या झाल्या. जपानी वाणाचा नरत्वाचा जोर युरोपीय आईकडून आलेल्या मादीपणाला भारी पडत होता. मापं जुळत नव्हती, पेशींची भेसळ नव्हती. फळमाशीत ब्रिजेस यांनी 1921 साली हेच आकड्यांत दाखवलं: एक्स दोन, पण बाकीच्या गुणसूत्रांचे संच तीन, तर माशी धड नर नाही, धड मादी नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा: सीमारेषा आहे का? फोटो बरोबर वरून घ्या, पंख सपाट असताना, आणि दोन्ही मिशा स्पष्ट दिसतील असा. डावं-उजवं ठळक वेगळं असेल तर बहुधा गायनॅन्ड्रोमॉर्फ. दोन्ही बाजू सारख्याच पण मधल्या मापाच्या असतील तर इंटरसेक्स. रेशीमकिड्याच्या प्यूपात मादीला आठव्या खंडावर पोटाकडून बारीक उभी रेघ असते, नराला नवव्या खंडावर ठिपका. या खुणा मध्यरेषेवरच असल्याने दुभंगलेल्या प्यूपात फसगत होते. पतंग बाहेर येईपर्यंत थांबलेलं बरं.

खोट्या खुणा खूप असतात. कोषातून निघताना हवा कोरडी असली की एक पंख चुरगळलेला राहतो. मिशीचे दाते झडले की रुंद मिशी अरुंद भासते. भिंगातून पाहिल्यावर तुटलेली बुडखी दिसतात. आणि कॉमन मॉरमॉन फुलपाखराची नरासारखी दिसणारी मादी यांपैकी काहीच नाही. ती पूर्ण मादी आहे. तिच्या जातीतल्या मादीरूपांचा खेळ डबलसेक्सवरच चालतो, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं.

नुसत्या डोळ्यांवर शेवटचा निर्णय देऊ नये. ऑस्ट्रिनिया पतंगात वोल्बाकिया जिवाणू मॅस्कला जखडतो, त्यामुळे झेडझेड पिल्लं मरतात. मादीला टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक देऊन जिवाणू अर्धवटच हटवला, तर पिल्लांत नर-मादीचे तुकडे-तुकडे दिसतात. दिसायला गायनॅन्ड्रोमॉर्फ, पण सगळ्या पेशी झेडझेड! खात्री कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकावरही होऊ शकते. मेलेल्या रेशीमपतंगाच्या मालपिगी नलिका (कीटकाच्या उत्सर्जनाच्या बारीक नळ्या) दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या काढा, दोन काचपट्ट्यांवर ठेवा आणि ॲसिटो-ऑर्सिन या केंद्रक रंगवणाऱ्या रंगाने रंगवून 400 पट मोठ्या करून पाहा. डब्ल्यू असलेल्या मोठ्या केंद्रकात एक गडद गोळा उठून दिसतो, झेडझेडमध्ये तो नसतो. काही केंद्रकांत गोळा आहे आणि काहींत नाही, असं नीट रंगलेल्या पट्ट्यांवर दिसलं तर तो खरा गायनॅन्ड्रोमॉर्फ. रानातल्या पतंगाला मात्र यासाठी मारू नका, त्याचा चांगला फोटो पुरेसा आहे.