सोनामुखी: नाव बंदराचं, झाड भलतीकडचं

सोनामुखी म्हटलं की सगळ्यांना पोट साफ करायचं आयुर्वेदिक औषध एवढंच आठवतं, आणि आयुर्वेदिक म्हणजे चरकाच्या काळापासूनचं असणार असं आपण धरूनच चालतो. पण तसं नाहीये. चरक-सुश्रुतांकडे विरेचनाला निशोत्तर आहे, बाहवा आहे, सोनामुखी मात्र नाही. ती आली अरबांकडून. अरबीत तिला सना म्हणतात, हदीसमध्येही तिचा उल्लेख आहे, आणि नवव्या शतकापासून अरबी वैद्यांनी तिच्यावर भरपूर लिहून ठेवलंय, तेच पुढे लॅटिन भाषांतरांतून युरोपात गेलं. मक्केकडून येणारी ती सना मक्की, आता हे दोन शब्द जरा पटपट म्हणून बघा, सोनामुखी ऐकू येतं की नाही!

या झुडपाच्या नावांची एकूणच गंमत आहे. इंग्रजीत त्याला सेना म्हणतात. अलेक्झांड्रियन सेना इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात उगवायचीच नाही, ती यायची नूबिया-सुदानकडून नाईलच्या वाटेने आणि जहाजात चढायची अलेक्झांड्रियाला, म्हणून ते नाव. बॉम्बे सेनाचंही तेच, पानं अरबस्तानातली, मुंबईत उतरायची आणि तिथून पुढे जायची. खरोखर पिकवणाऱ्या गावाचं नाव मिळालं ते टिनेव्हेलीला, म्हणजे आपलं तामिळनाडूतलं तिरुनेलवेली. तिथे एकोणिसाव्या शतकात याची शेती नीट बसली आणि माल तुतिकोरिन बंदरातून जाऊ लागला.

वनस्पतीशास्त्रवाल्यांचा घोळ वेगळाच, त्यांनी बरीच वर्षं अलेक्झांड्रियन आणि टिनेव्हेली म्हणजे कॅशिया या प्रजातीतल्या दोन वेगळ्या जाती मानल्या, आता दोन्ही एकच, सेना अलेक्झांड्रिना. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नबी यांनी कॅशियाचा मोठा गठ्ठा फोडून सेना ही प्रजाती पुन्हा वेगळी काढली, तेव्हापासून हे नाव रूढ झालं. म्हणजे अलेक्झांड्रिया काही सुटली नाही ती नाहीच.

पान हातात घेऊन बघितलं तर टोकदार, भाल्याच्या पात्यासारखं, पिवळट हिरवं, आणि देठाकडे दोन बाजू सारख्या नसतात, एक जरा खाली उतरलेली. टिनेव्हेलीच्या पानावर कधी कधी आडव्यातिडव्या रेघा दिसतात, त्या पानाच्या स्वतःच्या शिरा नव्हेत बरं का, गासड्या दाबून बांधताना शेजारच्या पानांचे ठसे उमटलेले असतात. भेसळही जुनीच. अलेक्झांड्रियाच्या मालात अर्गेल नावाच्या झुडपाची पानं मिसळायचे, आणि हिंदुस्थानच्या मालात तरवडाची. तरवड हा सोनामुखीचा भाऊबंदच, त्यामुळे नुसत्या नजरेला फसायला होतं, पण ८० टक्के सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा थेंब टाकला की तरवडाचं पान लालभडक होतं आणि चोरी पकडली जाते.

एवढी शतकं लोक घेत होते पण पानातलं नेमकं काय काम करतं ते कळायला १९४१ उजाडलं, तेव्हा स्विस रसायनशास्त्रज्ञ आर्थर श्टोल आणि सहकाऱ्यांनी पानातली सेनोसाइड ए आणि बी ही द्रव्यं वेगळी केली. हे सेनोसाइड स्वतः फारसं काही करत नाहीत, ते तसेच मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात, तिथले जिवाणू त्यांना फोडतात आणि मग आतडं हलायला लागतं. या सगळ्याला ६ ते १२ तास जातात, म्हणून तर रात्री झोपताना घ्यायची, सकाळी निकाल.