रक्त कुठे तयार होते? दीडशे वर्षांच्या शोधाची पार्श्वभूमी

रक्त शरीरभर फिरत राहते, हे विल्यम हार्वी यांनी १६२८ मध्ये दाखवून दिले. ते तयार कुठे होते, हे कळायला मात्र आणखी दोनशे चाळीस वर्षे जावी लागली. तोवर प्राचीन वैद्य गॅलेन यांचेच मत चालत आले होते: अन्नरसाचे रक्त यकृतात बनते. या मताला खुळचट म्हणणे अन्यायाचे होईल, कारण गर्भावस्थेत काही महिने यकृत खरोखरच रक्तपेशी तयार करते. जन्मानंतर ते काम अस्थिमज्जेकडे, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ गराकडे असते.

१८६८ मध्ये तेव्हाच्या प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे अर्न्स्ट नॉयमान यांनी हाडांतून पिळून काढलेली मज्जा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तिच्यात त्यांना केंद्रक असलेल्या लाल पेशी दिसल्या. रक्तात फिरणाऱ्या प्रौढ लाल पेशीला केंद्रक नसते, म्हणजे या घडत असलेल्या पेशी होत्या. त्याच वर्षी इटलीत ज्युलिओ बिझोझेरो याच निष्कर्षाला पोहोचले. हाडाच्या पोकळीतला तो मऊ गर रक्त घडवतो, हे समकालीनांना सहजासहजी पटले नाही.

बिझोझेरो यांनीच पुढे १८८२ मध्ये रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्सचे काम ओळखले. जिवंत प्राण्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा झाली की त्या जागी हे चिमुकले कण आधी चिकटतात, हे त्यांनी पाहिले. ते येतात कुठून, याचे उत्तर १९०६ मध्ये बोस्टनच्या जेम्स होमर राइट यांनी दिले. मज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या अवाढव्य पेशींच्या द्रव्यात आणि प्लेटलेट्समध्ये सारख्याच रंगाचे कण त्यांना दिसले. प्लेटलेट ही पूर्ण पेशी नसून अशा महापेशीचा सुटलेला तुकडा आहे. एका महापेशीतून असे हजारो तुकडे निघतात.

लाल पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स यांचे मूळ एकच असावे, असे रशियन संशोधक अलेक्झांडर मॅक्सिमोव्ह १९०९ मध्येच म्हणाले होते. पुरावा मिळायला अर्धे शतक गेले. अणुबॉम्बनंतर किरणोत्सर्गाने मज्जा कशी नष्ट होते, याचा अभ्यास वाढला होता. टोरंटोत जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅककुलॉक यांनी उंदरांची मज्जा किरणांनी मारली आणि त्यांना निरोगी उंदरांच्या मज्जापेशी टोचल्या. दहाएक दिवसांनी त्या उंदरांच्या प्लीहेवर (पोटातल्या पाणथरीवर) गाठी उठल्या. जितक्या जास्त पेशी टोचाव्यात, तितक्या गाठी जास्त. हे निष्कर्ष १९६१ मध्ये प्रसिद्ध झाले. मग १९६३ मध्ये गुणसूत्रांवरच्या खुणा तपासून त्यांच्या गटाने सिद्ध केले की एक गाठ म्हणजे एकाच पेशीची संतती, आणि त्या संततीत वेगवेगळ्या जातींच्या रक्तपेशी असतात. या साऱ्या इतिहासातला मला हा सर्वांत देखणा प्रयोग वाटतो: साधी मोजणी, आणि तिच्यातून मूळपेशीच्या, म्हणजे जिच्यापासून वेगवेगळ्या रक्तपेशी घडतात त्या पेशीच्या, अस्तित्वाचा पुरावा.

उरला प्रश्न उत्पादनाच्या आज्ञेचा. निरोगी प्रौढ शरीरात रोज सुमारे दोनशे अब्ज लाल पेशी आणि शंभर अब्ज प्लेटलेट्स तयार होतात. लाल पेशी १२० दिवस जगते, प्लेटलेट जेमतेम ७ ते १० दिवस. लाल पेशी वाढवणारे, मूत्रपिंडात तयार होणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक १९७७ मध्ये शुद्ध रूपात हाती आले. त्यासाठी रक्तक्षयाच्या रुग्णांचे सुमारे अडीच हजार लिटर मूत्र वापरावे लागले. प्लेटलेट्ससाठीचे थ्रोम्बोपोएटिन १९९४ मध्ये सापडले.

त्यानंतरही हा विषय मिटलेला नाही. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या फुप्फुसांचे चित्रण केले, तेव्हा मज्जेतून आलेल्या महापेशी तिथेही मोठ्या प्रमाणावर प्लेटलेट्स सोडताना दिसल्या.