आधीची गोटी पुढच्या गोटीबद्दल काय सांगते?

नाण्यावर छाप पडण्याची संभाव्यता आधीच ठाऊक असेल आणि फेकी खरोखर स्वतंत्र असतील, म्हणजे एकीचा दुसरीवर काहीच परिणाम होत नसेल, तर मागच्या शंभर फेकी पाहून पुढच्या फेकीबद्दल तसूभरही नवं कळत नाही. मग विमा कंपनी जुन्या नोंदींवरून हप्ता ठरवते तो कशाच्या जोरावर?

इटालियन गणितज्ञ ब्रूनो द फिनेत्ती स्वतः बरीच वर्षं त्रिएस्तच्या विमा कंपनीत नोकरीला होते. त्यांनी स्वातंत्र्याची अट सोडली आणि एवढंच मागितलं, की निकाल कोणत्या क्रमाने आले याने संभाव्यता बदलू नये. किती वेळा लाल आलं ते महत्त्वाचं, कधी आलं ते नाही.

गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांची पिशवी घ्या. आत एक लाल, एक काळी गोटी. न बघता एक काढायची, परत टाकायची आणि सोबत त्याच रंगाची आणखी एक टाकायची. लाल-लाल-काळी येण्याची संभाव्यता १/२ × २/३ × १/४, म्हणजे १/१२. काळी-लाल-लाल? १/२ × १/३ × २/४. पुन्हा १/१२! प्रत्येक गोटी पुढचीवर परिणाम करते, तरी क्रमाने फरक पडत नाही. आणि दहापैकी आठ वेळा लाल आली असेल, तर पिशवीतल्या बारा गोट्यांपैकी नऊ लाल, म्हणून पुढची लाल येण्याची संभाव्यता ३/४. फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने अठराव्या शतकात दिलेला नियम नेमका हाच.

द फिनेत्तींचं प्रमेय यापुढे जातं. निकालांची अशी मालिका न संपणारी असेल, तर ती छाप पडण्याची संभाव्यता ठाऊक नसलेलं एखादं नाणं आधी निवडून मग स्वतंत्रपणे फेकत राहावं, अगदी तशीच वागते. पिशवीत तर नाणं कुठेच नाही! ‘संभाव्यता अस्तित्वात नसते’ असं त्यांनी पुढे ठणकावून लिहिलं. ती घोषणाच जास्त गाजली. मला विचाराल तर प्रमेय त्याहून भारी आहे.

‘न संपणारी’ ही अट मात्र शोभेची नाही. त्याच दोन गोट्या परत न टाकता काढा. लाल-काळी आणि काळी-लाल, दोन्हींची संभाव्यता १/२. क्रमाचा प्रश्नच नाही. पण लाल-लाल अशक्य, काळी-काळीही अशक्य. कोणतंही नाणं दोनदा फेका, यांपैकी निदान एक जोडी शक्य असतेच. म्हणजे इथे छुपं नाणं बसवता येत नाही. मोठ्या पिशवीतून मोजक्याच गोट्या काढल्या, तर ते जवळपास बसतं. किती जवळ, याचा हिशेब संख्याशास्त्रज्ञ डायाकोनिस आणि फ्रीडमन यांनी १९८० मध्ये मांडला.