मागचा अ‍ॅक्सल निवडताना इंजिनाआधी टायर पाहा

कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातली ‘रुबिकॉन’ ही वाट ग्रॅनाइटच्या मोठमोठ्या धोंड्यांवरून जाते. अशा वाटांवर गाडी नेणाऱ्या जीपमालकाला आज ना उद्या मागच्या अ‍ॅक्सलचा, म्हणजे मागची चाके फिरवणाऱ्या दांड्यांचा आणि त्यांच्या घराचा, विचार करावाच लागतो. १९९७ ते २००६ या काळातील टीजे पिढीच्या जीप रँग्लरमध्ये मागे बहुधा ‘डेना ३५’ हा अ‍ॅक्सल असे आणि त्याहून दणकट ‘डेना ४४’ पर्याय म्हणून मिळे. २००३ साली आलेल्या रुबिकॉन आवृत्तीत मात्र कंपनीने पुढे-मागे दोन्हीकडे डेना ४४ बसवला. मूळ अ‍ॅक्सल ठेवून ३५ इंची टायर चढवायचे, की आधी अ‍ॅक्सल बदलायचा, हा प्रश्न या गाडीच्या बाबतीत म्हणूनच फार खरा आहे.

बहुतेक जण उत्तर इंजिनाच्या ताकदीत शोधतात, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. टीजेचे चार लिटरचे इंजिन सुमारे ३०० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पीळ, देते. गिअरबॉक्सचा पहिला गिअर ३.८३, ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लो गिअर २.७२ आणि अ‍ॅक्सलमधल्या क्राउन-पिनियन या मोठ्या-छोट्या दातेरी चाकांच्या जोडीचे गुणोत्तर ३.७३ धरले, तर हा टॉर्क जवळजवळ ३९ पट होतो, म्हणजे घर्षणातली घट सोडल्यास ११ हजार न्यूटन-मीटरच्या वर जातो. एवढा पीळ चाकापर्यंत प्रत्यक्षात पोहोचत नाही, कारण त्याआधीच टायर जमिनीवर घसरतो. एका चाकावर ६०० किलोचा भार, कोरड्या खडकावर घर्षणांक १ आणि ३५ इंची टायरची त्रिज्या सुमारे ०.४४ मीटर धरल्यास तो टायर साधारण २,६०० न्यूटन-मीटरला घसरू लागेल. अ‍ॅक्सल शाफ्टला, म्हणजे चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याला, सोसावा लागणारा पीळ असा टायरची पकड, त्याची त्रिज्या आणि त्याच्यावरचे वजन यांच्यावर ठरतो. मोठा टायर त्रिज्या वाढवतो, हवा कमी केल्यावर पकड वाढते, आणि तीव्र चढावर गाडीचे वजन मागच्या चाकांकडे सरकते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, तो क्षण शाफ्टसाठी सर्वांत कठीण असतो.

लॉकर बसवल्याने हे गणित आणखी बिघडते. साध्या डिफरन्शियलमध्ये (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेत) दोन्ही चाकांना जवळपास सारखाच टॉर्क मिळतो, त्यामुळे एक चाक हवेत फिरू लागले की दुसऱ्याच्या शाफ्टवरचा ताणही आपोआप उतरतो. लॉकर दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडतो, म्हणून जमिनीला टेकलेल्या एकट्या चाकाकडे मागच्या अ‍ॅक्सलचा जवळजवळ सगळा टॉर्क जाऊ शकतो. त्यात फिरत्या चाकाने अचानक खडक पकडला, तर वेगात असलेल्या सगळ्या फिरत्या भागांची ऊर्जा क्षणार्धात त्या एका शाफ्टवर आदळते. अ‍ॅक्सल शाफ्ट अशा धक्क्यांनी तुटतात, सावकाश वाढत जाणाऱ्या ताणाने सहसा नाही.

शाफ्टची पीळ सोसण्याची क्षमता त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. डेना ३५ चा शाफ्ट टोकाला २७ खाचांचा आणि सुमारे ३० मिलिमीटर जाडीचा असतो, तर डेना ४४ चा ३० खाचांचा आणि सुमारे ३३.३ मिलिमीटरचा. व्यासातला फरक जेमतेम अकरा टक्क्यांचा, पण पोलाद सारखेच असेल तर ताकदीतला फरक सदतीस टक्क्यांच्या आसपास जातो. निकेल, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेल्या ४३४० या मिश्र पोलादाचे शाफ्ट त्याच जागेत बसून ताकद आणखी वाढवतात. जुना शाफ्ट बाहेर काढला, तर टोकाच्या खाचा नीट पाहाव्यात. त्या सरळ असायला हव्यात. किंचित तिरप्या, मळसूत्रासारख्या वळलेल्या दिसल्या तर पोलादाला कायमचा पीळ बसला आहे, आणि तो शाफ्ट पुन्हा वापरू नये.

ताकदीइतकेच महत्त्व अ‍ॅक्सल मोडल्यावर काय होते याला द्यायला हवे, आणि त्याकडे फार कमी लक्ष दिले जाते. टीजेच्या डेना ३५ मध्ये शाफ्टचे आतले टोक डिफरन्शियलमध्ये इंग्रजी सी अक्षराच्या आकाराच्या क्लिपने अडकवलेले असते. शाफ्ट मध्येच तुटला, तर बाहेरच्या तुकड्याला धरून ठेवणारे फारसे काही उरत नाही आणि तो चाकासकट बाहेर सरकू शकतो. डेना ४४ मध्ये शाफ्ट बाहेरच्या टोकाला बोल्टने धरलेला असतो. ‘फुल फ्लोटिंग’ रचनेत तर चाकाचे वजन शाफ्टभोवतीच्या नळीच्या टोकावरचे बेअरिंग पेलते आणि शाफ्टकडे केवळ पीळ देण्याचे काम राहते. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवरच राहते.

अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोररचा ८.८ इंची अ‍ॅक्सल जीपला बसवण्याची पद्धत रुळली, त्याला सबळ कारणे आहेत. त्याचे शाफ्ट ३१ खाचांचे आहेत, १९९५ पासूनच्या गाड्यांत डिस्क ब्रेक आहेत, आणि चाकाच्या पाच बोल्टची मांडणी टीजेशी जुळते. त्याच्यातही सी-क्लिप आहे, हे मात्र विसरू नये. शिवाय ओतीव लोखंडाच्या मधल्या भागात नळ्या दाबून बसवलेल्या असल्यामुळे त्या फिरू नयेत म्हणून वेल्डिंग करून घेतात, आणि ओतीव लोखंड तडकू नये यासाठी ते आधी तापवून नंतर सावकाश थंड होऊ द्यावे लागते. फोर्डचा ९ इंची अ‍ॅक्सल दणकट खरा, पण त्याचा पिनियन बराच खाली असल्याने प्रोपेलर शाफ्ट (अ‍ॅक्सलपर्यंत ताकद आणणारा दांडा) खडकांच्या जवळ येतो आणि दात एकमेकांवर जास्त घासून अधिक ऊर्जा वाया जाते. डेना ६० चे ९.७५ इंची क्राउन व्हील त्याहून मोठे, पण त्याचे घर जड आणि खाली लोंबणारे असते. ३३ इंची टायरवर हलकी जीप चालवणाऱ्याने ते घेतल्यास जमिनीपासूनची उंची विनाकारण कमी होते. कोणताही अ‍ॅक्सल घेतला तरी त्याचे गुणोत्तर पुढच्या अ‍ॅक्सलशी जुळलेच पाहिजे, नाहीतर फोर-व्हीलमध्ये दोन्ही अ‍ॅक्सल एकमेकांशी झगडत राहतात.

नाशिकमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा थारचे मालकही मोठ्या टायरचा विचार करतात, आणि २०२० च्या थारच्या काही प्रकारांत मागे लॉकिंग डिफरन्शियल कारखान्यातूनच येते, म्हणजे वरचे गणित त्यांनाही लागू पडते. भारतात मात्र मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करण्यास मनाई करते, त्यामुळे दुसऱ्या गाडीचा अ‍ॅक्सल आणण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी.