अधांतरी विमानाचा तोल

दाबोळीच्या धावपट्टीवर नौदलाचं सी हॅरियर हे लढाऊ विमान जागच्या जागी तरंगताना ज्यांनी पाहिलंय, त्यांच्या कानांत तो आवाज अजून असेल. १९८३ ते २०१६ ही विमानं गोव्यात होती. ‘पोटाखाली वेगळं इंजिन असतं, ते उचलतं’ असं बरेच जण सांगतात. तसं नाही. पेगॅसस हे एकच इंजिन, त्याला वळणारी चार तोंडं. पुढच्या दोघांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोघांतून तापलेला झोत. वैमानिकाने डाव्या हाताशी असलेला दांडा मागे ओढला की चारही तोंडं एकदम खाली वळतात.

उचलणं झालं, पण तोल? एरवी विमान वळतं ते पंखांवरून आणि शेपटीवरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर. जागेवर थांबलं की ती हवाच नाही, सुकाणू निकामी. म्हणून इंजिनातली दाबाखालची हवा नळ्यांनी नाक, शेपूट आणि दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत नेलेली असते. उजवा पंख कलला की उजव्या टोकातून फवारा खाली सुटतो, पंख वर येतो. टोकाशीच का? दाराची मूठ बिजागरीपासून लांब बसवतात, त्याच कारणासाठी. शिवाय इंजिनातले पंख्यांचे दोन फिरते संच एकाच दिशेने फिरले असते, तर नाक उचलताना विमान भोवऱ्यासारखं बाजूला वळलं असतं. ते उलटसुलट फिरवले, त्यामुळे त्यांचे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचे जोर, एकमेकांना बरेचसे खोडून काढतात. तापलेलं इंजिन सांभाळायला आत पाणी फवारतात. टाकीतलं सव्वादोनशे लिटर पाणी दीडेक मिनिटात संपतं!

असं यंत्र आपल्या पूर्वजांकडे होतं, असे संदेश फिरतात. त्यांचा आधार असलेलं ‘वैमानिक शास्त्र’ विसाव्या शतकातलं आहे. १९७४ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी त्यातली विमानं तपासली आणि ती उडूच शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. ज्यांनी खरोखर उडवलं, त्यांचे कष्ट आणि त्यामागचा पैसा कुठून आला हे जास्त महत्त्वाचं आहे.

एकाच इंजिनाचा झोत खाली वळवून विमान उचलायची मूळ कल्पना फ्रेंच अभियंता मिशेल विबो यांची. पण १९५७ च्या संरक्षण श्वेतपत्रिकेत ब्रिटिश सरकारने पुढचा काळ क्षेपणास्त्रांचा मानला. नव्या लढाऊ विमानासाठी हात आखडला. तेव्हा पेगॅससच्या विकासाचा पाऊण खर्च अमेरिकेच्या मित्रराष्ट्र-शस्त्रविकास निधीने उचलला, पाव ते बनवणाऱ्या ब्रिस्टल कंपनीने. विमानाची मागणी कुणाचीच नसताना इंजिनाला मिळालेली ही मदत मला सगळ्यात मोलाची वाटते. हॉकर कंपनीने पी ११२७ हे हॅरियरचं पूर्वज विमान स्वतःच्या खर्चाने सुरू केलं, सरकारी कंत्राट १९६० साली आलं.

त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला इंग्लंडमधल्या डन्सफोल्ड इथे दोरांनी जमिनीला बांधलेलं ते विमान पहिल्यांदा उचललं गेलं. वजन कमी करायला त्यातला रेडिओसुद्धा काढला होता. आत चाचणी वैमानिक बिल बेडफर्ड होते, एक पाय प्लास्टरमध्ये.