प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये इम्युनिटीच्या पेशी असतात, मग त्या गप्प का?

कोविडनंतर 'इम्युनिटी वाढवा' हे इतकं कानावर पडतं की कॅन्सर झाला म्हणजे त्या माणसाची इम्युनिटीच कमी पडली असं घरच्यांना वाटतं, आणि मग काढे, पावडरी, टॉनिकं सुरू होतात. प्रोस्टेटच्या कॅन्सरबाबत तरी हे पटण्यासारखं नाही. तिथे इम्युनिटीच्या पेशी नसतात असं नाहीये, असतात, पण कुठल्या जातीच्या आणि कुठल्या अवस्थेत, खरा प्रश्न तो आहे.

आधी निरोगी प्रोस्टेट बघू. मूत्राशयाच्या खाली लघवीच्या नळीभोवती असलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी, वीर्यातला काही द्रव इथे बनतो. लघवीच्या मार्गाने जंतू इथे पोचू शकतात म्हणून बंदोबस्त कायमचा असतो. ग्रंथीच्या अस्तरात टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) असतात, त्यातल्या बहुतेक सीडी८ जातीच्या, म्हणजे बिघडलेली पेशी ओळखून तिला थेट मारणाऱ्या, आणि आजूबाजूच्या भागात जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज आणि सूज आणणाऱ्या मास्ट पेशी.

वय वाढलं की ही गर्दी वाढते. रिड्यूस नावाच्या मोठ्या ट्रायलमध्ये पीएसए (प्रोस्टेटचं रक्तात मोजलं जाणारं एक प्रोटीन) वाढलेले, ५० ते ७५ वयाचे, पण बायॉप्सीत कॅन्सर न सापडलेले पुरुष घेतले होते आणि त्यांच्यापैकी सुमारे ७८ टक्के लोकांच्या बायॉप्सीत जुनाट सूज, म्हणजे या पेशींची अशीच गर्दी, होती! म्हणून रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक इन्फ्लमेशन' दिसलं तर लगेच घाबरून जाऊ नका, सुजेमुळे पीएसएसुद्धा वाढतो. याच ट्रायलमध्ये सुरुवातीला सूज असलेल्यांना पुढे कॅन्सर निघण्याचं प्रमाण उलट कमी होतं. पण दुसरी बाजूही आहे, १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या पॅथॉलॉजिस्टांनी दाखवलं की सुजेच्या जागी काही ग्रंथी आक्रसलेल्या असतात तरी त्यांच्या पेशी मात्र जोरात वाढत असतात, आणि कॅन्सरची सुरुवात अशा जागी होत असावी असा त्यांचा अंदाज आहे. मला दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात असं वाटतं, कारण सूज म्हणजे काही एकच पेशी नाही.

गाठ झाली की चित्र पालटतं. मॅक्रोफेज मारायचं सोडून जखम भरायच्या कामाला लागतात, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या वाढवायच्या आणि आजूबाजूच्या टी पेशींना शांत करायचं, त्यातून गाठीचीच सोय होते. शरीर स्वतःवरच हल्ला करू नये म्हणून ज्या रेग्युलेटरी टी पेशी असतात त्याही इथे जमतात. सीडी८ पेशी हजर असतात पण बऱ्याचशा थकलेल्या. शिवाय या कॅन्सरच्या डीएनएमध्ये बदल कमी, दहा लाख अक्षरांमागे साधारण एक, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये हेच दहाच्या वर जातं, मग टी पेशीला परकं वाटावं असं फारसं काही समोर येतच नाही. म्हणून डॉक्टर याला 'कोल्ड' ट्यूमर म्हणतात.

ज्या शोधासाठी ॲलिसन आणि होंजो या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं, ती टी पेशींचे ब्रेक काढणारी औषधं इथे फार चालली नाहीत ती यामुळेच. त्यातल्या इपिलिमुमॅबच्या दोन्ही मोठ्या ट्रायलमध्ये आयुष्य वाढलं असं सिद्ध झालं नाही, पेम्ब्रोलिझुमॅबला पुढच्या स्टेजच्या शंभरातल्या तीन ते पाच जणांच्या गाठींनी प्रतिसाद दिला. त्याआधी २०१० मध्ये अमेरिकेत सिप्युल्युसेल-टी मंजूर झालं होतं, पेशंटच्याच रक्तातल्या पेशी काढून त्यांना प्रोस्टेटचं एक प्रोटीन ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. आयुष्य सरासरी चार महिन्यांनी वाढलं. कमी वाटेल, पण या पेशींना जागं करता येतं हे त्यातून कळलं.

हॉर्मोन बंद करणाऱ्या नेहमीच्या ट्रीटमेंटनंतरही काही आठवड्यांत प्रोस्टेटमध्ये टी पेशी शिरतात, त्यामुळे हे उपचार आणि टी पेशींना जागं करणारे उपचार कधी आणि कसे जोडायचे यावर बरंच काम चालू आहे.

आणि एक छोटा गट वेगळा आहे. साधारण तीन टक्के पेशंटच्या गाठीत डीएनए दुरुस्त करणारी यंत्रणाच बिघडलेली असते, त्यामुळे बदल ढिगाने साठतात आणि टी पेशींना ती गाठ ओळखू येते. अशा गाठी कुठल्याही अवयवातल्या असल्या तरी पेम्ब्रोलिझुमॅब देता येतं अशी मंजुरी अमेरिकेत २०१७ मध्ये मिळाली. तेव्हा घरात कुणाचा प्रोस्टेट कॅन्सर पसरलेला असेल तर काढ्याच्या आधी ऑन्कॉलॉजिस्टना विचारा, दुरुस्तीतला हा बिघाड शोधणारी एमएसआय टेस्ट केली आहे का.