पोर्टल (व्हिडिओ गेम)

अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीचा फर्स्ट पर्सन, म्हणजे नायिकेच्याच डोळ्यांतून दिसणारा, कोड्यांचा गेम. कोडी सुटत गेली तर तीन-चार तासांत संपतो. १० ऑक्टोबर २००७ रोजी तो ‘द ऑरेंज बॉक्स’ या संचातून बाजारात आला. संचाचे खरे आकर्षण होते हाफ-लाइफ २ चा नवा भाग आणि टीम फोर्ट्रेस २. पोर्टल म्हणजे भाजीवर फुकट मिळालेला कढीपत्ता. लोकांच्या लक्षात मात्र तोच जास्त राहिला.

त्याचे मूळ वॉशिंग्टन राज्यातील रेडमंडच्या डिजिपेन या संस्थेतील विद्यार्थ्यांनी २००५ मध्ये केलेल्या ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ या गेममध्ये आहे. त्यातल्या राजकन्येला उडी मारता येत नसे, म्हणून तिला भिंतींत दारे उघडून वाट काढावी लागे. व्हॉल्व्हने त्या मुलांनाच नोकरीवर घेतले. किम स्विफ्ट त्यांच्यापैकीच एक. पोर्टलच्या रचनेचे नेतृत्व तिने केले.

चेल ही गेमची नायिका अ‍ॅपर्चर सायन्स नावाच्या ओस पडलेल्या प्रयोगशाळेत जागी होते. भिंतीत एक दार उघडते आणि पलीकडे पाठमोरी उभी असलेली बाई दिसते. ती आपणच, हे कळायला क्षणभर वेळ लागतो. पुढे हातात बंदूक येते, पण तिच्यातून गोळी सुटत नाही. एक निळे आणि एक नारिंगी अशी दोन लंबगोल दारे उमटतात. एकात शिरले की दुसऱ्यातून बाहेर. दारे फिकट काँक्रीटवर उमटतात, काळसर धातूवर नाही, त्यामुळे खोलीत पाऊल टाकताच नजर आधी भिंती चाचपू लागते. सुरुवातीला बंदुकीतून फक्त निळे दार निघते. नारिंगी हाती येते ते चाचणीच्या ११ क्रमांकाच्या खोलीत. तोवर खेळणारा बरेच काही शिकलेला असतो आणि आपण शिकतो आहोत याचा त्याला पत्ताही नसतो.

खरी गंमत वेगाची. उंचावरून जमिनीतल्या दारात उडी घ्यायची, म्हणजे त्याच वेगाने समोरच्या भिंतीतून सुसाट बाहेर पडून खड्डा पार होतो. गेम याला संवेग (वस्तुमान गुणिले वेग) टिकणे म्हणतो. भौतिकशास्त्राचे मास्तर इथे हरकत घेतील, कारण संवेगाला दिशा असते आणि ती तर दारातून जाताना बदलली. टिकते ती फक्त चाल, म्हणजे दिशा वगळून उरलेला वेगाचा आकडा.

विनोदाची बाजू सांभाळते ती प्रयोगशाळा चालवणारी संगणकयंत्रणा, ग्लॅडॉस. एरिक वोलपॉ आणि चेट फॅलिझेक यांनी लिहिलेले तिचे संवाद एलेन मॅक्लेन या ऑपेरा गायिकेने म्हटले आहेत. ग्लॅडॉस कधी ओरडत नाही. कार्यालयीन सूचनेच्या सपाट सुरात ती जीव घेणारी व्यवस्था समजावते, कौतुकाच्या वाक्यात टोमणा लपवते आणि चाचण्या संपल्या की केक देण्याचे आश्वासन देते. कोपराला लावलेला गूळच तो. पहारेकरी बंदुकाही तशाच: लहान मुलाच्या आवाजात हाका मारतात, आपण त्यांना पाडले तर विझता विझता ‘तुझ्यावर राग नाही’ म्हणतात.

१७ व्या खोलीतला ठोकळा तर या लेखनाचा कळसच. कोड्यासाठी तो शेवटपर्यंत बाळगणे आवश्यक होते, पण गेम तपासून पाहणारे लोक तो मध्येच कुठेतरी टाकून देत. मग त्यावर गुलाबी हृदय काढले गेले आणि हा तुमचा सोबती, असे ग्लॅडॉस सांगू लागली. खोलीच्या शेवटी तीच त्याला भट्टीत टाकायला लावते, आणि कितीही वेळ रेंगाळलात तरी, इतक्या झटपट आपल्या सोबत्याला कोणीच संपवले नव्हते, असे ऐकवते. या निष्ठुर थट्टेच्या पोटात एक धडाही आहे: ग्लॅडॉसशी होणाऱ्या शेवटच्या लढाईत भट्टीचाच उपयोग करायचा असतो.

२००८ च्या गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत पोर्टल वर्षातील सर्वोत्कृष्ट गेम ठरला. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो आपल्या संग्रहासाठी निवडला. एप्रिल २०११ मध्ये आलेला पोर्टल २ लांबीने मोठा असून त्यात दोघांनी मिळून सोडवायची कोडीही आहेत. मात्र एकही ओळ फुकट न घालवण्याची पहिल्याची काटकसर त्यात उरलेली नाही.

आधी कुणीतरी भिंतीमागे खरडलेले ‘केक म्हणजे थाप आहे’ या अर्थाचे वाक्य इंटरनेटवर इतके फिरले की त्यातली मजाच गेली. प्रत्यक्षात केक असतो. लढाई संपल्यावर दृश्य तळघरात उतरते. तिथे ठोकळ्याशेजारी एक मेणबत्ती लावलेला केक दिसतो, आणि वरून एक यांत्रिक हात येऊन ती मेणबत्ती विझवतो.